तुम्ही विचारलंत म्हणून: देऊन कसं टाकता?

सोसायटीच्या जिन्यात, भाजीवाल्याकडे, लग्नाच्या पंगतीत, आणि परवा तर दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसले असतानासुद्धा मला हाच प्रश्न आला. "काकू, इतका जीव लावता त्या कुत्र्यांना, मग देऊन कसं टाकता हो?" तोंडात कापूस होता, त्यामुळे तिथे उत्तर देता आलं नाही. ते इथे देते.

आधी मी करते काय, ते सांगायला हवं. आमचा सहा-सात जणींचा गट आहे, शिवाय एक रिक्षावाले दादा. लोकांनी सोडून दिलेली घरची कुत्री आम्ही उचलतो, बरी करतो आणि कायमचं घर मिळेपर्यंत आपापल्या घरी ठेवून घेतो. या ठेवून घेण्याला सगळे 'फॉस्टर' म्हणतात. माझ्या सासूबाई 'माहेरपण' म्हणायच्या. त्यांच्या स्वयंपाकघरात अंडंही शिजलं नव्हतं, म्हणून कोंबडीच्या माना-पाय उकडायला गॅलरीत वेगळी शेगडी मांडली. नंतर त्याच गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या.

रस्त्यावरच जन्मलेल्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. त्याचं नसबंदीचं ऑपरेशन करायचं, रेबीजची लस टोचायची आणि पुन्हा त्याच्याच भागात सोडायचं, हे केंद्र सरकारच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचं मूळ सूत्र आहे, आणि मला ते पटतं. त्याला त्याची गल्ली कळते. सोफ्यावर वाढलेल्या लॅब्रॅडॉरला गल्ली कळत नाही. तो डंपरसमोर शेपूट हलवत उभा राहतो.

बुंदी आम्हाला कात्रजच्या घाटात मिळाली, जूनच्या पावसात. गळ्यात पट्टा नव्हता, पण पट्ट्याची गोल खूण होती. आचळं पार लोंबलेली. पिल्लं विकणाऱ्या कुणीतरी वेतामागून वेत काढून घेतलं असणार आणि उपयोग संपल्यावर घाटात आणून उतरवलं असणार. टपरीवाल्याने चार दिवस तिला खारी घातली होती. तो म्हणाला, "ताई, ही फक्त पांढऱ्या गाड्यांमागं धावते. बाकीच्यांकडं बघत पण नाही."

पाळलेलं जनावर असं सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर 10 ते 50 रुपये. त्या काळी 50 रुपये ही रक्कम असेल. आज त्यात दोन वडापाव येतात.

बुंदीच्या अंगावर गोचिडी होत्या, आणि गोचिडींमुळे येणारा ताप. हिरड्या पांढऱ्याफटक, प्लेटलेट 22 हजारांवर. निरोगी कुत्र्याच्या दोन लाखांच्या आसपास किंवा वर असतात. औषध साधंच, डॉक्सिसायक्लिन, पण 28 दिवस न चुकता आणि भरल्या पोटी. संत नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले होते म्हणतात. मी गोळी घेऊन धावते. भोपळ्यात लपवली तर बुंदी भोपळा खायची आणि गोळी स्वच्छ चाटून माझ्या पायाशी ठेवायची.

नवीन आलेलं कुत्रं पहिले दोन आठवडे आमच्या मागच्या न्हाणीघरात एकटं राहतं. लोकांना हे निर्दयी वाटतं. पण पार्व्हो किंवा डिस्टेंपरसारखा कुत्र्यांचा संसर्गजन्य आजार अंगात असेल, तर बहुतेक वेळा तो याच दिवसांत बाहेर पडतो. पार्व्होचा विषाणू तर जमिनीत महिनोन् महिने टिकतो, साध्या फिनेलला दाद देत नाही, ब्लीचच लागतं. एकदा घरात शिरला, की लसी पूर्ण न झालेलं पिल्लू कितीतरी दिवस त्या घरात आणता येत नाही. म्हणजे एक घर बाद. ते घर बाद होणं आम्हाला परवडत नाही. का, ते येतंच पुढे.

पैशांचं म्हणाल, तर बुंदीवर एकूण 23,640 रुपये लागले. ते 61 जणांनी दिले. सगळ्यात लहान रक्कम 50 रुपये, सगळ्यात मोठी 3,000. मी बँकेत 31 वर्षं काढली, त्यामुळे एक खोड आहे: पैसे माझ्या खात्यात येत नाहीत, थेट दवाखान्याच्या क्यूआर कोडवर जातात, आणि बिलाचा फोटो त्याच रात्री सगळ्यांना जातो. एकाच जखमी कुत्र्याचा फोटो तीन वेगवेगळ्या शहरांच्या नावाने फिरताना मी पाहिलेला आहे. त्यामुळे कुणी हिशोब मागितला तर मला राग येत नाही, उलट बरं वाटतं.

पण देणाऱ्यांचीही एक गंमत आहे. किडे पडलेल्या जखमेचा फोटो टाकला की दोन तासांत पैसे जमतात. गोचीड तापाच्या 28 दिवसांना कुणी देत नाही, कारण फोटोत कुत्रं नुसतं झोपलेलं दिसतं. बुंदीच्या वेळी पहिल्या दिवशी 900 रुपये आले होते. शेवटी तिचा रक्ताचा रिपोर्टच टाकला, आकड्यांखाली लाल रेघ मारून. मग आले.

तर, 61 जणांचा कुत्रा मी ठेवून कसा घेऊ? माझं त्यात घर होतं आणि 28 दिवस होते, बस. पण हे उत्तर अर्धंच आहे. ते पंगतीत चालतं. खरं उत्तर असं, की मी एकदा दिला नव्हता.

चंपी. अकरा वर्षांची पॉमेरेनियन, मालकांची बदली झाली म्हणून सोडलेली. तोंडात पाच दात उरले होते आणि त्या पाचांनी ती सगळ्यांना चावायची. तिला कोण घेणार? मी ठेवून घेतली. पश्चात्ताप नाही, ती माझ्याच मांडीवर गेली. पण तिला दुसरं कुत्रं घरात चालायचं नाही, म्हणून चार वर्षं आमचं न्हाणीघर रिकामं राहिलं. त्या चार वर्षांत दिवाळीच्या तोंडावर एक फोन आला. स्वारगेटजवळ खोक्यात एक डॅशहंड ठेवून गेले होते, मणक्याचं दुखणं, कंबर लुळी. पैसे गोळा झाले होते. डॉक्टर तयार होते. जागा नव्हती. मी म्हटलं, "माझ्याकडे चंपी आहे." बाकीच्यांकडेही कुणी ना कुणी होतंच. तीन दिवसांनी मीच पुन्हा फोन केला, तेव्हा जागेची गरज उरली नव्हती.

पैसे मिळतात हो. घर मिळत नाही.

म्हणून देते. आणि देताना फार त्रास देते, समोरच्याला. भाड्याचं घर असेल तर घरमालकाचं पत्र मागते. गावाला गेलात तर कुठे ठेवाल, सुनेला नको असेल तर काय, हे सगळं विचारते, घर बघायला जाते. एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो, स्थळ बघायला आलाय का?" म्हटलं, हो. आठ दिवस ठेवून बघा, नाही जमलं तर निमूट परत आणा, बोल लावणार नाही, हेही सांगते. दोनदा परत आलीही आहेत. बुंदी त्यांपैकी एक. पहिल्या घरी ती रात्रभर दाराशी उभी राहायची, सहाव्या दिवशी त्यांनी आणून सोडली. निदान माझ्या दारात आणून सोडली, घाटात नाही.

रडते का? रडते. पाठवल्यावर गोधडी ब्लीचच्या पाण्यात भिजवते आणि त्या बादलीशीच बसून रडते. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "बाळंतपणाला आलेली लेक काय ठेवून घेतात का?" आणि स्वतः गॅलरीत जाऊन नाक पुसायच्या.

बुंदीचं दुसरं घर साताऱ्याचं. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर आणि त्यांची बायको. न्यायला आले तेव्हा मी खिडकीतून खाली पाहिलं आणि पोटात गोळा आला, कारण गाडी पांढरी होती. बुंदी खाली गेली, गाडीला चारी बाजूंनी हुंगलं, मग बराच वेळ मागच्या चाकाशी उभी राहिली. काका घाई न करता दार उघडं धरून उभे. शेवटी चढली.

सहा महिन्यांनी मी भेटायला गेले. अंगणात ती पांढरी गाडी उभी होती आणि बुंदी तिच्या सावलीत आडवी पडली होती. मला बघून तिने शेपूट दोनदा जमिनीवर आपटलं. उठली नाही.