बाजू सांग

शुक्रवार, रात्री उशिरा

अ‍ॅनाटॉमीच्या, म्हणजे शरीररचनेच्या, परीक्षेत १०० पैकी ३८. नापास.

यादीत नाव शोधताना मी वरून खाली येत होते. म्हणजे चांगल्या मार्कांच्या बाजूनं. ते आत्ता आठवलं तरी कानशिलं तापतात.

आईला फोन केला. ती रागावली नाही. "रोज किती तास बसत होतीस गं?" एवढंच विचारलं. सहा, मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. "मग?" ती म्हणाली. त्या "मग?"वर मला काही सुचलं नाही. रेंज जातेय म्हणून फोन ठेवला. हे मात्र खोटं.

मार्कांपेक्षा डोक्यात घोळतंय ते व्हायव्हाचं, म्हणजे तोंडी परीक्षेचं, टेबल. सरांनी हातात क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्याखालून खांद्याकडे जाणारं हाड, दिलं आणि म्हणाले, "बाजू सांग." क्लॅव्हिकलबद्दल मला काय काय येत होतं! गर्भात ज्या हाडाचं ऑसिफिकेशन, म्हणजे हाड बनणं, सगळ्यांत आधी सुरू होतं ते हे, पाचव्या-सहाव्या आठवड्यात. शरीरात आडवं बसलेलं लांब हाड ते हेच. मोडतं कुठं, तर आतला दोन तृतीयांश आणि बाहेरचा एक तृतीयांश भाग जिथं मिळतात तिथं. सगळं पिवळ्या हायलायटरनं रंगवलेलं, पानाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे तेसुद्धा पाठ. पण यातलं काहीच त्यांनी विचारलं नव्हतं. मी हाड उलटंसुलटं करत बसले आणि शेवटी ठोकून दिलं, "उजवं." "कशावरून?" गप्प. "आधी कधी हातात घेतलंयस का?" आवाजात टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. आणि खरं उत्तर होतं की नाही. हाडांचा अख्खा सेट तीन महिने माझ्या कपाटात होता, कपड्यांच्या खाली.

रविवार

काल दिवसभर पांघरुणात. लिहिण्यासारखं काही नाही.

सोमवार

उत्तरपत्रिका बघायला मिळाल्या. बघायचीच नाही असं ठरवून गेले होते, पण मॅडमनी समोर बसवलं आणि वहीचं एक पान फाडून दिलं. म्हणाल्या, "जिथं जिथं मार्क गेलेत तिथं लिही. येतच नव्हतं, येत होतं पण आठवलं नाही, की विचारलं एक आणि तू लिहिलंस दुसरंच."

मला वाटत होतं, पहिला रकाना भरून वाहणार. पण त्यात जेमतेम चार ओळी आल्या. बाकी सगळं दुसऱ्या आणि तिसऱ्यात. एक प्रश्न तर वाचून मलाच हसू आलं. दंडाचं हाड मधोमध मोडलं, रुग्णाचं मनगट लुळं पडलं, कारण लिहा. मी काय लिहिलं होतं? ह्यूमरसचं दीड पान वर्णन. वरचं टोक, खालचं टोक, कुठला स्नायू कुठं चिकटतो, सगळं. रेडियल नर्व्हचं, म्हणजे हातातल्या एका मज्जातंतूचं, नावही होतं त्यात, पण यादीत, चौथ्या ओळीत. ही नर्व्ह त्या हाडाच्या मागच्या खोबणीतून हाडाला अगदी खेटून जाते, म्हणून हाड तिथं मोडलं की तिला इजा होऊ शकते, आणि मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंना तीच चालवते. तीन वाक्यांचं उत्तर. ही तिन्ही वाक्यं मला माहीत होती, वेगवेगळ्या पानांवर. एकत्र कधी आणलीच नव्हती.

मॅडम म्हणाल्या, "तू नापास झालीस ते आळसानं नाही. पण तेवढ्यावर खूश होऊ नकोस."

पुन्हा परीक्षा सहा आठवड्यांनी.

गुरुवार

आज एक प्रयोग केला. प्रयोग कसला, स्वतःची फजिती. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नर्व्हचं जाळं, रात्री तीनदा वाचला, चांगला चवीनं. मग पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवून आले आणि कोऱ्या कागदावर काढायला बसले.

रूट्स, म्हणजे मणक्यांमधून निघणारी मुळं, पाच, सी ५ ते टी १. झोकात लिहिलं. ट्रंक तीन, वरची, मधली, खालची. प्रत्येकीचे दोन फाटे, म्हणजे डिव्हिजन्स सहा. आणि मग पेन थांबलं. सहाचे परत तीन कॉर्ड होतात हे माहीत आहे, पण कोण कुणाला जाऊन मिळतं? पुस्तकातली आकृती डोळ्यांपुढे आणायला गेले तर रंग दिसतात. लाल, निळा, हिरवा. रेषा दिसत नाहीत! अकरा मिनिटं त्या कागदाकडे बघत बसले. तीन महिने मी ते पान ओळखत होते, समोर आलं की "हां, हे येतं" म्हणून उलटत होते. रस्त्यात रोज भेटणारा माणूस ओळखीचा वाटतो, पण त्याचं नाव विचारलं की आपली पंचाईत होते, तसलं काहीतरी.

शेवटी पुस्तक आणून पाहिलं. पाठीमागचे तिन्ही फाटे मिळून पोस्टीरियर कॉर्ड. पुढचे वरचे दोन मिळून लॅटरल, म्हणजे बाहेरचा. खालचा एकटाच पुढे जातो, तो मीडियल, म्हणजे आतला. इतकं सोपं! राग आला. पण आता हे विसरेन असं वाटत नाही, बहुतेक त्या अकरा मिनिटांमुळेच.

शनिवार

शेजारच्या खोलीतल्या सीनियरला आम्ही सगळ्या ताईच म्हणतो. तिला कागदाची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "अगं, यावर रीतसर संशोधन झालंय." रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदाच वाचून पुढच्या तिन्ही वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारेच पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१. आणि मला जे लागलं ते हे, की आपल्या लक्षात चांगलं राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. परीक्षेच्या आदल्या रात्रीची मीच!

त्याच्याही आधी, १८८५ मध्ये, एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थानं अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून आपण किती वेळात किती विसरतो ते स्वतःवरच मोजलं होतं. सुरुवातीला भराभर जातं, मग गळती मंदावते. म्हणून ताईचं म्हणणं, आज केलेलं उद्या एकदा आठवायचं, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं. अगदी पुसून जायच्या बेतात असतानाच.

आपण ऐकून घेतलं. पण विश्वास ठेवायचा तर स्वतःच्या डोक्यावर बघून. क्युबिटल फोसा, म्हणजे कोपराच्या पुढचा खळगा, नेहमीसारखा चारदा वाचून ठेवला. फेमोरल ट्रँगल, म्हणजे मांडीच्या वरच्या भागातला त्रिकोण, एकदा वाचला आणि तीनदा कागदावर उतरवला. बघू पुढच्या शनिवारी.

मंगळवार

कार्पल, म्हणजे मनगटातली, हाडं आठ. इंग्रजीतली आठवणीची वाक्यं बहुतेक चावट आहेत आणि मला तीही आठवत नाहीत. रूममेटनं आणि मी मिळून मराठी केलं: "सकाळी लवकर ट्रेन पकडली, ट्रेनमध्ये ट्रंक काकांची हरवली." स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म. ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. दोन्ही ओळी अंगठ्याकडून करंगळीकडे. ट्रेन आणि ट्रंकेचा घोळ होतो, म्हणून अंगठ्याच्या बुडाशी ट्रेन, म्हणजे ट्रॅपेझियम, हे वेगळं ठरवून ठेवलं.

तासाभरानं लक्षात आलं की काकांची ट्रंक हरवली तरी पेशंटचं मनगट दुखायचं थांबत नाही. वाक्य नावं देतं, बाकी काही देत नाही. पडताना हात टेकला तर मोडतं कोण? स्कॅफॉइड. दाबून दुखतंय का ते कुठं बघायचं? अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तिथं. आणि त्याची एवढी धास्ती का? तर रक्तपुरवठा बहुतांशी बोटांकडच्या टोकानं आत शिरून मागे येतो, म्हणून मध्ये मोडलं की मागचा तुकडा उपाशी मरू शकतो. हे असं कळलं की नाव आपोआप चिकटतं.

नावांचे अर्थही काढले. स्कॅफॉइड म्हणजे होडीसारखं, ल्युनेट चंद्रकोरीसारखं, पिसिफॉर्म वाटाण्यासारखं, हॅमेटला आकडा. म्हणजे ज्यांनी नावं ठेवली ती माणसं हाड हातात घेऊन, फिरवून बघत होती. मी सोडून सगळे बघत होते असं दिसतंय.

शनिवार

निकाल. फेमोरल ट्रँगल: बाहेरून आत नर्व्ह, आर्टरी (धमनी), व्हेन (शीर), सीमा तिन्ही, तळातले स्नायू चारपैकी तीन. क्युबिटल फोसा: "बायसेप्सचा टेंडन असतो", म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, आणि पुढे शांतता. एका माणसाचा प्रयोग, तोही निकाल काय यावा हे आधीच ठाऊक असलेल्या माणसाचा. तरी मला पुरे.

हायलायटर रूममेटला देऊन टाकले. ती म्हणाली, "मला कशाला नापास करतेस?"

बुधवार

डिसेक्शन हॉल, म्हणजे देह चिरून शिकायची खोली. आजवर मी टेबलाच्या तिसऱ्या रांगेत उभी राहायचे. देह टिकवायच्या फॉर्मलिननं डोळे चुरचुरतात हे कारण, पण खरं म्हणजे पुढे गेलं की कुणीतरी विचारतं. आज पुढे गेले.

काखेत सगळं सारखंच दिसतं. पिवळट दोऱ्या. पुस्तकात आर्टरी लाल असते, इथं कुणीच लाल नाही. डिमॉन्स्ट्रेटर म्हणाले, "आधी एम शोध." तीन-चार वेळा चुकून सापडला: आर्टरीच्या पुढ्यात खरोखर इंग्रजी एम अक्षर. मधल्या खळग्यातून खाली निघते ती मीडियन नर्व्ह, बाहेरचा पाय मस्क्युलोक्युटेनियस, आतला अल्नर. खात्री कशी करायची? बाहेरची नर्व्ह पुढे कोरॅकोब्रेकियालिस स्नायूत भोक पाडून आत शिरते. चिमट्यानं हलकेच ओढून बघितलं, तर स्नायूच्या तोंडाशीच हलली. ते हलणं मला कुठल्याच पानावर दिसलं नसतं.

गेलन या जुन्या ग्रीक वैद्याचं शरीरशास्त्र तेराशे वर्षं चाललं, आणि त्यानं चिरली होती ती बहुतेक जनावरं. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो असं तो लिहून गेला. व्हेसालियस या शरीरशास्त्रज्ञानं स्वतः देह उघडून पाहिला आणि १५४३ मध्ये छापून टाकलं की ते हाड एकच आहे. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. मी एकोणीस वर्षांची आहे आणि काल रात्रीपर्यंत आकृतीवर विसंबून होते, तेव्हा गेलनला हसायचा मला काही अधिकार नाही.

निघताना टेबलावरच्या त्या हाताकडे जरा वेळ बघितलं. कुणीतरी हे आधी ठरवून, लिहून देऊन गेलं. नखं नीट कापलेली होती.

शुक्रवार

करंगळी आणि अंगठा जुळवून मनगट किंचित वाकवलं की मध्ये एक दोरी उठते, ती पाल्मॅरिस लाँगस. माझ्या उजव्या हाताला आहे, डाव्याला नाही! काही लोकांत ती नसतेच आणि त्यांचं काही अडतही नाही, म्हणून दुसरीकडे टेंडन जोडायला सर्जन हीच काढून घेतात. संध्याकाळभर मजल्यावरच्या सगळ्यांची मनगटं बघत फिरले. ताई म्हणाली, पुरे आता, झोप. बरोबर आहे तिचं, मागच्या परीक्षेच्या आदल्या रात्री मी तीन तास झोपले होते आणि तेव्हा त्याचा अभिमानही वाटला होता.

सोमवार

एक वही केलीय, फक्त चुकांची. मॅडमचे ते तीन रकाने तिच्यात आहेत, पण आता दुसराच जास्त भरतो, तिसरा जवळपास रिकामा. रूममेट रोज रात्री डोळे मिटून सेटमधलं एक हाड काढते आणि माझ्या हातात देते. सगळी सरमिसळ, आज हाताचं आणि उद्या पायाचं असं वाटून घेतलेलं नाही.

क्लॅव्हिकल आता अंधारातसुद्धा सांगते. चपटं टोक बाहेर, जाड टोक आत, आतल्या भागाचा फुगवटा पुढे, खोबण खाली. तसं धरलं की ते उजवं की डावं हे हातालाच कळतं. परवा तिनं मुद्दाम दोनदा तेच दिलं आणि मी दोनदा सांगितलं. "बाजू?" "डावं." "कशावरून?" "सांगते, बस." आणि सांगितलं.

परीक्षा नऊ दिवसांवर. डोकं आणि मान अजून कच्चं आहे. क्रेनियल, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या, नर्व्ह बारा, त्यातल्या सातवीचा रस्ता माझ्या कागदावर अजून कानाच्या आसपास हरवतो.

आज तिनं फिब्युला काढलं, गुडघ्याखालचं बाहेरच्या बाजूचं बारीक हाड. धरलं, फिरवलं, लॅटरल मॅलिओलस, म्हणजे घोट्याचा बाहेरचा उंचवटा, खाली, तिथवर ठीक. आतल्या अंगाला तो त्रिकोणी गुळगुळीत भाग, त्याच्या मागे खळगा. मागे की पुढे? "पुढे," मी म्हटलं. तिनं काही न बोलता वही पुढे सरकवली.

पान ४१. फिब्युला. तिसऱ्यांदा.