डावीकडचा चौकोन

परळच्या एका हॉस्पिटलच्या लायब्ररीत मी काम करते. जुलै २०२१ची गोष्ट. लोकल तेव्हा अत्यावश्यक सेवेतल्यांनाच होती, त्यामुळे बसायला जागा मिळायची. त्या दिवसांत तेवढंच काय ते सुख. मेडिसिनचा एक रेसिडेंट प्रिंटआउटचा गठ्ठा घेऊन आला. युनिटच्या मीटिंगमध्ये त्याला कोविडमधल्या आयव्हरमेक्टिनवर, म्हणजे परजीवींवरच्या एका जुन्या औषधावर, बोलायचं होतं.

“मॅडम, एवढे पेपर आहेत. सगळेच कसे चुकतील?”

त्याच्याकडच्या मेटा-ॲनालिसिसमध्ये, म्हणजे अनेक अभ्यासांच्या एकत्रित हिशोबात, बऱ्याच ट्रायल्सची बेरीज होती, आणि मृत्यू निम्म्याहून कमी होतात असा निष्कर्ष. मी सारांशाच्या नादी लागत नाही, थेट फॉरेस्ट प्लॉट काढते. प्रत्येक ट्रायलचा एक चौकोन, तळाशी एकत्रित निकालाचा हिऱ्याच्या आकाराचा ठिपका, मधे ‘फायदा नाही, तोटा नाही’ ही उभी रेघ. एक चौकोन पार डावीकडे गेलेला, म्हणजे औषधाचा फायदा प्रचंड. तो इजिप्तमधल्या बेन्हा विद्यापीठाचा अभ्यास, नोव्हेंबर २०२०चा प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांनी तपासण्याआधीच ऑनलाइन टाकलेला पेपर.

प्रीप्रिंट मागे घेतल्याची खबर पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत, मिळेलच असं नाही, मूळ पानच उघडावं लागतं. उघडलं. रिसर्च स्क्वेअर या प्रीप्रिंटच्या साइटनं तो नुकताच मागे घेतला होता. लंडनमध्ये शिकणाऱ्या जॅक लॉरेन्सनं त्यातले आकडे तपासले होते. डेटाच्या फाइलला पासवर्ड होता, आणि तो निघाला ‘१२३४’! आत काही रुग्णांचे मृत्यू अभ्यास सुरू होण्याआधीच्या तारखांचे, काही रुग्णांच्या नोंदी जशाच्या तशा पुन्हा. बेरीज करणाऱ्यांनी हे पाहिलं नव्हतं. बहुतेक मेटा-ॲनालिसिस छापील तक्त्यांवरच चालतात, रुग्णनिहाय आकडे मागतंय कोण?

रेसिडेंटनं तो अभ्यास वगळून रेव्हमन या मेटा-ॲनालिसिसच्या सॉफ्टवेअरमध्ये हिशोब पुन्हा लावला. हिरा पसरला, म्हणजे निकालाची खात्री कमी झाली; त्याचं उजवं टोक मधल्या रेघेच्या अगदी जवळ आलं.

“पण अजून डावीकडेच आहे ना?”

“मग उरलेले एकेक काढून तपासा,” मी म्हटलं.

संध्याकाळ त्यातच गेली. रुग्णांची वाटणी कशी केली, कुणाला कोणती गोळी हे डॉक्टरांना ठाऊक होतं का, ट्रायलची नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी झाली की नंतर. एकदोन ठिकाणी ‘रँडमाइज केले’ (चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी) एवढ्या एका ओळीत सगळं उरकलेलं. ते पेपर तो बाजूला ठेवत गेला, गठ्ठा बारीक होत गेला.

मीटिंगमध्ये त्यानं दोन्ही प्लॉट शेजारी-शेजारी दाखवले. एचओडी मॅडमनी विचारलं, “नातेवाइकांनी गोळी मागितली तर काय सांगशील?” तो म्हणाला, “मृत्यू टळतो असं सांगण्याइतका पुरावा नाही, मॅडम.”

सप्टेंबरमध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) सुधारित सूचनांतून आयव्हरमेक्टिन वगळलं गेलं.