हुगळीकाठचं श्रीरामपूर आणि कॅरींच्या घरातली बंद खोली

श्रीरामपूर म्हटलं की आपल्याला नगर जिल्हा आठवतो. हे दुसरं, हुगळीकाठचं. हावड्याहून बँडेल लोकल धरली की तासाच्या आत गाव येतं. मी गेलो विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याचा छापखाना डोक्यात ठेवून. त्यांचं मराठी व्याकरण १८०५ साली इथे छापलं गेलं आणि १८१० साली कोश आला, त्यात मराठी शब्द चक्क मोडीत! पंडित वैजनाथांची त्याला मदत होती. कॉलेज आणि डॅनिश चर्च एका सकाळीत बघून होतात. मन अडकलं ते कॅरींच्या घरात.

इंग्रज कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून १८०० च्या जानेवारीत कॅरी डॅनिशांच्या या गावात आले. मार्शमन, वॉर्ड हे मिशनरी आणि त्यांचे सोबती आधीच येऊन थांबले होते. मग सगळ्यांनी मिळून एकत्र कुटुंब थाटलं. आपल्या वाड्यातल्यासारखंच: एक चूल, एक पंगत, एक तिजोरी. घराचा कारभार महिन्यामहिन्याने पाळीने एकेकाकडे. हिशेब आणि औषधांची पेटी कॅरींकडे. शनिवारी रात्री बसून आठवड्याची भांडणं मिटवायची. खाजगी धंदा कुणी करायचा नाही. मार्शमन दांपत्याच्या शाळेची फी असो, की कॅरींचा कलकत्त्यातल्या फोर्ट विल्यम कॉलेजचा पगार (१८०१ मध्ये महिना ५०० रुपये), सगळं सामायिक खात्यात; प्रत्येक घराला तेवढा हातखर्च मिळायचा. सहाला उठून कॅरी बागेत, वॉर्ड छापखान्यात, आठला घंटा झाली की प्रार्थना.

छापखान्याचं काम मात्र किचकट. पोलादी ठशावर अक्षर उलटं कोरायचं, तो तांब्यात ठोकून साचा करायचा, त्यात वितळलेला धातू ओतायचा. जोडाक्षरांमुळे नागरीला सुमारे ७०० ठसे लागत. ही विद्या पंचानन कर्मकारांची, पुढे त्यांचे जावई मनोहर यांची. ११ मार्च १८१२ ला आग लागली. कागद आणि हस्तलिखितं जळाली, टाइप वितळला. पण पोलादी ठसे राखेत शाबूत सापडले, म्हणून काही आठवड्यांत काम पुन्हा सुरू झालं. देशी कागदाला वाळवी लागायची, म्हणून त्यांनी कागदही स्वतः करायला घेतला आणि १८२० मध्ये त्यासाठी वाफेचं इंजिन आणलं.

हे सगळं कौतुकाने सांगतात. डोरोथीबाईंचं नाव निघालं की मात्र एका वाक्यात गुंडाळतात, आणि मला तेच खटकलं.

कॅरींची ही पहिली बायको. लग्नाच्या वेळी सहीदेखील करता येत नव्हती. भारतात यायला तिने आधी साफ नकार दिला होता. जहाज लांबलं, तेवढ्यात मनधरणी झाली आणि बहीण किटी सोबत असेल तर येते म्हणाली. कडेवर काही आठवड्यांचं बाळ. जून १७९३ ते नोव्हेंबर, पाच महिने समुद्रावर. श्रीरामपूरच्या आधी कॅरी बंगालातच मुदनाबाटीच्या नीळकोठीवर नोकरीला होते; तिथे पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर हगवणीने गेला. शिवाशिवीच्या धास्तीने दफनाच्या मदतीला माणसं मिळेनात. त्यानंतर तिचं मन ठिकाणावर आलंच नाही. नवऱ्यावर भलतेसलते संशय, मारायला धावणं. शेवटी तिला कोंडून ठेवावं लागे. शेजारच्या खोलीत कॅरी पंडितांना घेऊन भाषांतराला बसत. तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायला कॅरी तयार नव्हते, हे खरं. पण मुलांकडे बघायला वेळ कुणाला? फेलिक्स आणि विल्यम या थोरल्या पोरांना वळण लावलं ते वॉर्ड आणि हॅना मार्शमननी.

८ डिसेंबर १८०७ ला डोरोथी गेली. पुढच्या मे महिन्यात कॅरींनी शार्लट रूमोर यांच्याशी लग्न केलं.

मिशनच्या कबरस्तानात जाणार असाल तर छत्री आणि पाण्याची बाटली घ्या. दमट उकाड्यात माझी फजिती झाली. कॅरींची कबर सगळे दाखवतात. आपण डोरोथीबद्दल विचारावं.