तुम्ही विचारलंत म्हणून: नवा कॅमेरा, जुनं फोटोशॉप

तुळशीचं लग्न झालं की माझा फोन वाजायला लागतो. पाटणहून, उंब्रजहून, कधी पार विट्याहून. प्रश्न एकच. "दादा, नवा कॅमेरा घेतला, हळदीचे फोटो रॉमध्ये काढले, आणि फोटोशॉपमध्ये एकही उघडेना. कार्ड गेलं का काय?"

रॉ म्हणजे कॅमेऱ्यानं सेन्सरवरून जशीच्या तशी साठवलेली कच्ची फाइल. कार्ड गेलेलं नसतं. कॅमेराही बरा असतो. माझं काम अल्बम डिझाइनचं, बारा बाय छत्तीस इंचांचे करिझ्मा, म्हणजे फोटो थेट पानावर छापलेले, लग्नाचे अल्बम. गावोगावचे फोटोग्राफर कार्ड आणून देतात, त्यामुळे गेली काही वर्षं या प्रश्नाचं उत्तर मी इतक्यांदा दिलंय की आता एकदाच लिहून ठेवतो.

आधी हे सांगा, की तुमचं फोटोशॉप कुठलं? दहातले सहा जण म्हणतात सीएस६. (ते कुणाकडून आलं हे मी विचारत नाही, तुम्हीही सांगू नका.) माझ्याकडेही तेच आहे, रीतसर विकत घेतलेलं, आणि ते सोडायचा माझा विचार नाही. वर्षानुवर्षं साठवलेल्या, एका क्लिकला चालणाऱ्या अ‍ॅक्शन, पीएसडी फाइलींतली पानं, बोटांना पाठ झालेले शॉर्टकट, सगळा संसार त्यात आहे. २०१२ साली आलेलं सीएस६ हे एकरकमी पैसे देऊन घ्यायचं शेवटचं फोटोशॉप. पुढच्याच वर्षी फोटोशॉप बनवणाऱ्या अ‍ॅडोबीनं नवं फोटोशॉप फक्त भाड्यानं द्यायला सुरुवात केली.

आता, फोटोशॉप स्वतः रॉ उघडत नाही. ते काम कॅमेरा रॉ नावाचं त्याच्या पोटातलं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, करतं. सीएस६ साठी त्याचं शेवटचं व्हर्जन ९.१.१, ते २०१५ मध्ये आलं. त्यानंतर बाजारात आलेला कुठलाही कॅमेरा त्याच्या ओळखीच्या कॅमेऱ्यांच्या यादीत नाही. लोकांचा समज असा, की फाइलचा प्रकार तोच असेल तर उघडायला हवी. कॅननचा ८०डी घ्या, २०१६ चा. त्याची रॉ फाइल सीआर२ प्रकारचीच, जुन्या कॅननसारखी. तरी सीएस६ ती घेत नाही. कारण आडनाव ओळखीचं असलं तरी हा नेमका कोण, हे त्याला माहीत नसतं.

हे असं का, ते जरा नीट सांगतो, म्हणजे पुढचे उपाय लक्षात राहतील. रॉ फाइल म्हणजे फोटो नव्हेच. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, लाल, हिरव्या, निळ्या काचांची बारीक चौकट बसवलेली असते, हिरव्या दुप्पट. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या नावानं ती ओळखली जाते, तिचं पेटंट १९७६ चं. प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाचा आकडा नोंदला जातो, बाकीचे दोन रंग शेजारच्यांवरून काढायचे. आणि या कॅमेऱ्याचा 'लाल' म्हणजे खरा केवढा लाल, हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं. ते गणित सॉफ्टवेअरवाल्यांनी कॅमेरा तपासून आपल्या यादीत भरायचं असतं. यादी २०१५ ला थांबली की गणितही थांबलं.

कॅननवाल्यांना दुहेरी त्रास. २०१८ मध्ये एम५० कॅमेऱ्याबरोबर सीआर३ ही नवी रॉ फाइल आली. सीआर२ ची आतली बांधणी टिफ या फोटो-फाइलची होती, सीआर३ ची एमपी४ व्हिडिओच्या घराण्यातली. म्हणजे इथे माणूसही अनोळखी आणि भाषाही. तरी एक जण माझ्यासमोर बसून सीआर३ खोडून सीआर२ असं नाव टाकत होता, एकेका फाइलला. पंचवीस-तीस झाल्यावर मी त्याचा हात धरला.

दुसरी युक्ती याहून हुशारीची: फाइलच्या आतलं मॉडेलचं नाव बदलून जुन्या कॅमेऱ्याचं घालायचं. नवा कॅमेरा जुन्याचाच भाऊ असेल तर कधीकधी फाइल उघडतेही. पण रंगाचं गणित दुसऱ्याचं लागतं आणि नवरीचा चेहरा कावीळ झाल्यासारखा येतो. लग्नाच्या कामात नकोच.

मग करायचं काय? अ‍ॅडोबीनंच २००४ मध्ये डीएनजी नावाचा फाइलचा प्रकार काढला. त्यात सेन्सरचे आकडे तर असतातच, शिवाय त्या कॅमेऱ्याचं रंगाचं गणितही फाइलमध्येच लिहिलेलं असतं. त्यामुळे यादीत नाव नसलं तरी जुनं कॅमेरा रॉ ती फाइल वाचतं. नव्या कॅमेऱ्याची रॉ डीएनजी करून देणारा डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे, आणि तो नव्या कॅमेऱ्यांसाठी अजून अपडेट होतो. फोटोशॉप जुनं राहू द्या, कन्व्हर्टर मात्र ताजा हवा.

तो चालवताना निम्मे लोक पहिल्याच पायरीवर अडतात. तो एकेक फाइल मागत नाही, फोल्डर मागतो. तुम्ही सवयीनं फोल्डरवर दोनदा क्लिक करून आत शिरता, आत काहीच दिसत नाही, आणि पुन्हा मला फोन: "दादा, फोल्डर रिकामा झाला!" रिकामा झालेला नसतो, त्या खिडकीत फक्त फोल्डर दिसतात. बाहेरूनच फोल्डर निवडा आणि ओके म्हणा.

खरी मेख पुढे, प्रेफरन्समध्ये. तिथे कम्पॅटिबिलिटी असा रकाना आहे. बहुतेक वेळा त्यात बरंच नवं व्हर्जन निवडलेलं असतं. तसंच ठेवलं तर तयार झालेली डीएनजी जुन्या फोटोशॉपला उघडेलच असं नाही. सीएस६ असेल तर 'कॅमेरा रॉ ७.१ अँड लेटर' निवडा. सीएस५ ला ६.६, सीएस४ ला ५.४, सीएस३ ला ४.६. जितकं मागं जाल तितकी फाइल मोठी व्हायची शक्यता, कारण काही कॅमेऱ्यांच्या बाबतीत कन्व्हर्टर रंग आधीच जुळवून टाकतो आणि मग प्रत्येक ठिपक्याला एकाऐवजी तीन आकडे साठवावे लागतात.

त्याच खिडकीत लॉसी कम्प्रेशनची, म्हणजे काही माहिती कायमची गाळून फाइल लहान करायची, एक चौकट आहे. तिच्यात टिक नको. हे मी अनुभवानं सांगतोय. एका लग्नाच्या हजारभर फाइली मी ती टिक ठेवून डीएनजी केल्या, कारण हार्ड डिस्क भरत आली होती. फाइली इतक्या आटोपशीर झाल्या की मी खूश होऊन मूळच्या सीआर३ उडवल्या. अल्बमला बसलो तेव्हा कळलं. मांडवाच्या पिवळ्या कापडातून आलेलं ऊन, त्यात हळद, त्यात नवरीचा पिवळा शालू. नेहमीच्या रॉमध्ये मी पिवळा थोडा खाली ओढला की गालावरची हळद आणि गालाची कातडी वेगळी दिसायला लागते. चौदा बिटच्या रॉमध्ये एका रंगाच्या सोळा हजारांवर पायऱ्या असतात, जेपेगच्या, म्हणजे नेहमीच्या तयार फोटो-फाइलच्या, आठ बिटांत २५६. लॉसी डीएनजीनं त्या पायऱ्याच खाल्ल्या होत्या. स्लायडर कुठेही न्या, गालावर हळदीचा एक सपाट पोतेरा. शेवटी ते पान मी ब्लॅक अँड व्हाइट केलं आणि नवरीच्या आईला सांगितलं की सध्या हीच फॅशन आहे. त्यांना ते फार आवडलं, ही गोष्ट वेगळी.

तेव्हापासून मूळ रॉ वेगळ्या डिस्कवर, अल्बम घरी पोचून पैसे मिळेपर्यंत. मूळ फाइल डीएनजीच्या पोटात ठेवायचीही सोय आहे, पण मग आकार दुपटीच्या घरात जातो. वेगळी डिस्क परवडते.

डीएनजी उघडल्यावर पुढची तक्रार: "रंग मळकट दिसतो, कॅमेऱ्याच्या पडद्यावर तर झकास होता." पडद्यावर दिसतो तो कॅमेऱ्यानं स्वतः रंग-कॉन्ट्रास्ट चढवलेला जेपेग. रॉ कच्ची असते, फोडणी तुम्ही घालायची. एका फोटोवर सेटिंग जमवा, बाकीचे सगळे निवडून सिंक्रोनाइज करा, म्हणजे तेच सेटिंग सगळ्यांना लागतं.

कंपनीच्या सॉफ्टवेअरबद्दलही विचारतात. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, दोन्ही फुकट. कॅमेऱ्याचा अस्सल रंग त्यांच्यातच मिळतो. पण तिथून फोटोशॉपला न्यायचं तर सोळा बिटचं टिफ काढावं लागतं, चोवीस मेगापिक्सलचा एकेक फोटो दीडशे एमबीच्या आसपास. दहा निवडक फोटोंना ठीक, हजाराला नाही. रॉथेरपी आणि डार्कटेबल ही फुकटची सॉफ्टवेअरही चांगली आहेत. पण लग्नसराईच्या ऐन धांदलीत नवी हत्यारं शिकायला बसू नका, पावसाळ्यात बसा.

आता सगळ्यात अडचणीचा मुद्दा. ज्यांचं सीएस६ जुन्या विंडोज ७ च्या मशीनवर आहे, त्यांच्याकडे नवा कन्व्हर्टर बसतच नाही, त्याला विंडोज १० तरी लागतं. माझं तसंच आहे. म्हणून कार्ड आधी मुलीच्या कॉलेजच्या लॅपटॉपला लागतं, डीएनजी तिथे होतात आणि पेनड्राइव्हनं माझ्या मशीनवर येतात. हजार फाइलींना बराच वेळ लागतो, तेवढ्यात तिला अभ्यास न करायला सबब मिळते.

आणि पाटणचा जो पोरगा गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला आला होता, त्याला मी वेगळंच सांगितलं. तीन कार्डं, सगळी रॉ. गेटवर लावलेलं गणपतीचं चित्र रॉमध्ये, जेवणाच्या पंगती रॉमध्ये, बँडवाल्यांचे बूटसुद्धा रॉमध्ये. "अरे, पंगती जेपेगमध्ये काढ की," म्हटलं. "हळद, मंगलाष्टका, पाठवणी, तेवढी रॉ ठेव. नाहीतर रॉ आणि जेपेग दोन्ही लाव, कॅमेऱ्यात सोय आहे."

"पण दादा," तो म्हणाला, "पार्टीला सांगितलंय ना, सगळं रॉमध्ये काढतो म्हणून. त्याचे पाच हजार जास्त घेतलेत."

मी लॅपटॉप लावला आणि चहा टाकला.