कोलेस्टेरॉल नॉर्मल, मग ब्लॉकेज आला कुठनं?

मी ऐरोलीत राहते, ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, त्यामुळे सोसायटीत कुणाची अँजिओग्राफी झाली की हा प्रश्न येतोच. "मॅडम, यांना सिगारेट नाही, कोलेस्टेरॉल नॉर्मल, मग ब्लॉकेज आला कुठनं? इथल्या हवेमुळे का?" तुम्हीही तुमच्या काकांबद्दल हेच विचारलंत म्हणून नीट लिहितेय, लिफ्टमध्ये उभ्या उभ्या हे सांगून होत नाही.

आपल्याला वाटतं रक्तवाहिनी म्हणजे सिंकचा पाइप, तेलतूप साचलं की तुंबला. पण ब्लॉकेजमध्ये चरबीसोबत जिवंत पेशीही असतात, धमनीच्या भिंतीतल्याच स्नायूपेशी, आणि त्या तिथे वाढत असतात. 1973 मध्ये सिअ‍ॅटलच्या अर्ल बेंडिट या पॅथॉलॉजिस्टने दाखवलं की बऱ्याच ब्लॉकेजमधल्या या पेशी एकाच पेशीची पिल्लावळ वाटतात, म्हणजे जवळपास ट्यूमरच्या गाठीसारखं! त्यावरून त्याने विचारलं की मग सुरुवात डीएनए बिघडून तर होत नसेल ना. पुढे कळलं की निरोगी धमनीतही अशा एकाच वंशाच्या पेशींचे पट्टे असतात, म्हणजे तेवढ्यावरून सिद्ध काहीच होत नाही, पण प्रश्न मात्र जबरदस्त होता आणि मला तो आजही तितकाच आवडतो.

आता डीएनए बिघडवणाऱ्या केमिकलचं. डिझेल, कोळसा, लाकूड, तंबाखू, कचरा, काहीही अर्धवट जळलं की बेंझोपायरीन तयार होतं. शरीर ते बाहेर टाकायला म्हणून त्याचं रूप बदलतं आणि त्या गडबडीतच असा पदार्थ बनतो जो डीएनएतल्या ग्वानिन या घटकाला जाऊन चिकटतो. कोंबड्यांना हे टोचलं तर त्यांच्या महाधमनीतले आपोआप होणारे ब्लॉकेज मोठे झाले, हे 1970 च्या दशकातच दिसलंय. माणसांच्या धमन्यांतही डीएनएला असे चिकटलेले पदार्थ सापडलेत.

आणि नुकसान फक्त धमनीतच होतं असंही नाही. वय वाढलं की बोनमॅरोतल्या एखाद्या पेशीत टेट2 किंवा एएसएक्सएल1 सारख्या जीनमध्ये बिघाड होतो, तिच्या पांढऱ्या पेशी रक्तात वाढत जातात आणि त्या जास्त भडकू असतात, म्हणजे सूज वाढवतात. 2017 मध्ये छापलेल्या अभ्यासात अशा लोकांना हृदयाच्या धमन्यांचा आजार जवळपास दुप्पट दिसला. एएसएक्सएल1 चा बिघाड तर धूम्रपान करणाऱ्यांत जास्त दिसतो.

मग तुमच्या काकांचा ब्लॉकेज हवेमुळेच का? एका माणसाबद्दल असं कुणीच सांगू शकत नाही, तशी टेस्टच नाही. हवेतले बारीक कण (पीएम 2.5) सूज आणि बीपी वाढवूनही धमन्या खराब करतात, डीएनए हा त्यातला एक रस्ता. पण ठाणे-बेलापूर रोडचे ट्रक, एमआयडीसीचा धूर, घोडबंदरची धूळ, हे सगळं "सवय झाली" म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही हो. पीएम 2.5 ची डब्ल्यूएचओची वार्षिक मर्यादा घनमीटर हवेत 5 मायक्रोग्रॅम आहे, आपल्या देशाची 40, आणि मला हे अजिबात पटत नाही.

कोलेस्टेरॉलची गोळी मात्र हे वाचून बंद करू नका, प्लीज. एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा, दोष पक्का सिद्ध आहे, आणि रिपोर्टात नॉर्मल दिसलं तरी ब्लॉकेजवाल्यांना डॉक्टर ते अजून खाली आणायला सांगतात ते उगाच नाही. सोसायटीमागे सुका पाला आणि प्लास्टिक जाळतात ना, ते बंद करायला महापालिकेत तक्रार द्यायचीय, सही करायला कोण कोण येतंय ते सांगा.