रंगाचा डबा उघडण्याआधी

भिंतचित्राने वस्तीला काय मिळतं, असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो: भिंतीवर काय असावं हे ठरवलं कोणी? चित्र बाहेरून ठरून आलं असेल तर आठवडाभर फोटो निघतात, मग त्याच भिंतीला सायकली टेकतात. वस्तीने ठरवलेल्या चित्रावर कोणी पोस्टर चिकटवायला लागला की समोरच्या घरातून हाक येते. खरा फायदा तो.

म्हणून निम्मा वेळ मी रंगाआधीच घालवतो. मालकाची लेखी परवानगी घेतो. चित्र किती वर्षं राहणार आणि डागडुजी कोण करणार, हेही त्यातच लिहून घेतो. सभेत नेहमीचेच चार जण बोलतात, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन भिंतीपाशीच बसतो. येता-जाता माणसं आपोआप थांबतात.

मग भिंत. बोटाच्या पेराने ठोकत जायचं. पोकळ आवाज आला की तेवढा गिलावा काढून नवा करायचा आणि तो सुमारे चार आठवडे सुकू द्यायचा. ओल तपासायला दीड फुटाचा प्लॅस्टिकचा चौकोन चारही कडांनी चिकटपट्टी लावून 24 तास ठेवतो. आतून थेंब दिसले तर काम थांबवायचं; आधी गळका पाइप किंवा पागोळी शोधायची. ओल्या भिंतीवर ऑइलपेंट मारला की पाणी आत कोंडतं, फुगे येतात, पोपडे सुटतात. लोणा, म्हणजे ओलीने भिंतीवर येणारी पांढरी क्षारांची पूड, फुटला असेल तर कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत आत मुरतात.

400 चौरस फुटांच्या गुळगुळीत भिंतीला प्रायमरच्या एका हाताला साधारण 4 लिटर लागतात, खडबडीत असेल तर 6 धरा. वर बाहेरच्या भिंतींसाठीचं ॲक्रिलिक इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा रंग. उन्हाच्या भिंतीवर गेरू, पिवळी माती असे लोहाचे रंग टिकतात. चमकणारे फ्लुरोसंट रंग सगळ्यात आधी उडतात.

चित्र उतरवायला सूत मारून, म्हणजे रंग लावलेला दोरा ताणून भिंतीवर रेघा उमटवून, एकेक फुटाचे चौकोन पाडायचे. प्रत्येक आकारात आकडा, तोच आकडा डब्यावर. मग कधी ब्रश न धरलेला माणूसही चुकत नाही. जमिनीपासून पाच फुटांपर्यंतचा भाग सगळ्यांचा. परांचीवर फक्त सरावाची माणसं. ज्यांना भिंतीपर्यंत येता येत नाही, त्यांच्यासाठी पातळ न विणलेलं कापड टेबलावर रंगवून ॲक्रिलिक जेलने भिंतीवर डकवतात. फिलाडेल्फियात 1984 साली भिंती रंगवून विद्रूप करणाऱ्या मुलांनाच हाताशी धरून सुरू झालेल्या उपक्रमात ही पद्धत भरपूर वापरली गेली. तुरुंगातल्या कैद्यांनीही असे तुकडे रंगवले.

एक भाबडी समजूत मात्र सोडा. कचऱ्याचा ढीग नुसत्या चित्राने हलत नाही. डबा, दिवा आणि उचलायची ठरलेली वेळ लागतेच. नाहीतर कचरा चित्रापुढेच साचतो.

वरचं संरक्षक वार्निश रंग पुरता सुकल्यावरच. घाई केली की दुधाळ झाक येते आणि ती पुसून जात नाही. उरलेले रंग छोट्या घट्ट बरण्यांत आकड्यासकट वस्तीतच ठेवतो, सोबत रंगपट्ट्यांचा एक कागद आणि कशात काय किती मिसळलं त्याची नोंद. मिसळून केलेला निळा दुसऱ्यांदा तसाच जमत नाही, आणि पहिला ओरखडा पडतो तो नेमका त्याच निळ्यावर.