गुडघा डॉक्टरांना दाखवायचा कधी : माझा अनुभव

हाड मोडलं तर दवाखान्यात जायचं की नाही, हे कुणाला विचारावं लागत नाही. खरी पंचाईत होते ती चालता येतं, शाळेत जाता येतं, स्वयंपाक उरकता येतो, पण गुडघा काही पहिल्यासारखा होत नाही तेव्हा. आठवडाभर थांबून बघू, एवढा सण होऊन जाऊ दे, मग दाखवू, असं चालू राहतं. माझ्या डाव्या गुडघ्यानं मला या मधल्या अवस्थेत बराच काळ ठेवलं. त्यातून निर्णयापर्यंत कशी आले, ते सविस्तर लिहिते आहे.

लागलं ते आषाढात. शाळा सुटल्यावर कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या घरी येत होते. पाऊस लागून राहिलेला, वळणावर चिखल. मोपेड घसरली, ती आडवी होऊ नये म्हणून मी डावा पाय टेकवला. पाऊल जिथल्या तिथं राहिलं आणि गाडीच्या वजनानं गुडघा आतल्या बाजूला वळला. दोन पोरांनी धावत येऊन गाडी उचलली, "मॅडम, बसा जरा" म्हणाली. मी उभी राहिले, चार पावलं टाकून बघितली. टाकता आली. तशीच गाडी चालवत घरी आले. संध्याकाळपर्यंत विशेष काही नव्हतं. सूज दिसली दुसऱ्या दिवशी सकाळी. वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे बुजून गेले होते.

एवढे तपशील मुद्दाम देते आहे, कारण पुढं ज्यांनी ज्यांनी गुडघा तपासला त्यांनी आधी हेच विचारलं. पाय कसा वळला, आतून काही तुटल्यासारखा आवाज आला का, लगेच भार टाकता आला का, आणि सूज किती वेळानं आली. सुजेच्या वेळेला इतकं महत्त्व असेल असं मला वाटलं नव्हतं. लागल्यावर तास-दोन तासांतच गुडघा टम्म फुगला, तर सांध्यात रक्त साठल्याची शंका घेतात आणि आतला मुख्य लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा, तुटलाय का ते बघतात. आपल्याकडं पेठापेठांतल्या फुटबॉलवाल्या पोरांच्या तोंडी "एसीएल गेलं" असं जे येतं, ते हेच. सूज सावकाश, रात्रभरात चढली, तर ती बहुतेक वेळा सांध्यात वाढलेल्या पाण्याची असते. तिचं कारण वेगळं असू शकतं. म्हणून सांगते, लागलेल्या दिवशीच या गोष्टी कुठंतरी लिहून ठेवा. महिन्यानं नक्की आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हाडांवर ठिकठिकाणी दाबून बघितलं, गुडघा वाकवायला लावला, चालायला लावलं. एक्स-रे काढायचा का, असं मी विचारलं. ते म्हणाले, चार पावलंही टाकता येत नसतील, गुडघा ९० अंशांपर्यंत वाकत नसेल, नुसत्या वाटीवर किंवा बाहेरच्या बाजूच्या बारीक हाडाच्या टोकावर दाबल्यावर दुखत असेल, किंवा वय ५५ किंवा त्याहून जास्त असेल, तर काढायचा. माझ्यात यातलं एकही नव्हतं. शिवाय एक्स-रेत हाड दिसतं. लिगामेंट आणि हाडांमधली गादी दिसत नाही. त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावायला, पाय उशीवर ठेवायला आणि दिवसा क्रेप बँडेज बांधायला सांगितलं. थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या, त्याही जेवणानंतर घ्यायच्या.

निघताना त्यांनी जे सांगितलं ते मी सगळ्यात मोलाचं मानते. ताप येऊन गुडघा लाल आणि गरम झाला, पोटरी सुजून दुखायला लागली, पाऊल बधिर किंवा गार पडलं, पायावर उभंच राहता येईना, किंवा गुडघा अडकून सरळ होईना, तर त्यांच्या फोनची वाट बघायची नाही. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं, रात्र असेल तर सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात. आपल्या जुन्या माणसांच्या भाषेत थोरल्या दवाखान्यात. सांध्यात जंतुसंसर्ग झाला तर थोड्या दिवसांत कुर्चेचं, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराचं, कायमचं नुकसान होतं आणि पोटरीत रक्ताची गाठ झाली तर ती फुप्फुसापर्यंत जाऊ शकते, हे कारणही त्यांनी समजावलं. कारण कळल्यामुळं त्या सूचना माझ्या पक्क्या ध्यानात राहिल्या. यातलं काही नाही, तोवर थांबून बघायला हरकत नाही, हेही त्यातून कळलं. थांबणं आणि दुर्लक्ष करणं यात फरक आहे, आणि तो अशा ठरलेल्या खुणांमुळं राहतो.

नागपंचमीपर्यंत सूज बरीच उतरली. पायावर येणाऱ्या-जाणाऱ्यांचं लक्ष होतंच. आपलं गाव तालमींचं. खासबाग मैदानात कुस्त्या बघत मोठी झालेली पिढी अजून घराघरात आहे, त्यामुळं सांधे, लचक, मुरगळ याबद्दल प्रत्येकाकडं काहीतरी सांगण्यासारखं असतं, आणि ते आपुलकीनं सांगितलेलं असतं. सासूबाईंनी आंबेहळदीचा गरम लेप घातला, निर्गुडीच्या पाल्याचा शेक दिला. त्यानं बरं वाटायचं. शेजारच्या वहिनींनी पाया सूप आणून दिलं. मेडिकलमधून नी-कॅप आणली. ती घातली की पायाला आधार वाटायचा, पण दिवसभर ठेवली की पोटरीवर वळ उठायचे, म्हणून शाळेपुरतीच वापरली.

मग सासऱ्यांनी त्यांच्या ओळखीच्या एका जुन्या पैलवानांना बोलावलं. पेठेतल्या कितीतरी पोरांच्या लचका त्यांनी काढल्या आहेत. ते आले, सतरंजीवर बसले, तेलाची बाटली बाजूला ठेवली आणि आधी नुसता हात ठेवून पाय हळूहळू वाकवला. पुन्हा सरळ केला. पुन्हा वाकवला. बाटली उघडलीच नाही. म्हणाले, "ताई, नुसती लचक असती तर एव्हाना उतरली असती. आत कायतरी घासतंय. ह्याला मी हात लावणार न्हाई. डॉक्टरला दावा." त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. आपलं काम कुठं संपतं हे त्यांच्या हाताला कळलं, आणि ते त्यांनी घरच्यांसमोर स्पष्ट सांगितलं. चोळून, पिळून, झटका देऊन गुडघा मोकळा करून देतो म्हणणाऱ्याच्या हाती पाय गेला असता, तर आत जे फाटलं होतं ते वाढण्याची भीती होती.

तरीही लगेच जावं असं मला वाटेना, कारण दुखणं खरोखरच कमी झालं होतं. इथंच माझा विचार अडत होता. "कसं आहे आता?" असं कुणी विचारलं की मी दुखण्याबद्दल सांगायची, आणि दुखणं कमी होतं. मग मी प्रश्न बदलला. आषाढाआधी मी जे सहज करत होते, त्यातलं आज काय जमत नाही? शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर ते लिहायला लागले. जिना चढता येतो, पण उतरताना कठडा धरावा लागतो. मांडी घालता येत नाही. उकिडवं बसता येत नाही. रंकाळ्यावर फिरताना सरळ रस्त्यावर काही होत नाही, पण कुणी हाक मारली म्हणून एकदम वळलं की गुडघा निसटल्यासारखा होतो. दर रविवारी हेच पान पुढं ठेवायचे. गोळी घेतलेल्या दिवसाचं काही लिहायचं नाही, हा नियम ठेवला, कारण गोळीनं दुखणं झाकलं जातं आणि पाय आपल्याला खोटं सांगतो.

सुरुवातीला दर रविवारी एखादी ओळ खोडली जायची. लंगडणं गेलं, रात्रीचं ठणकणं गेलं. मग खोडाखोड थांबली. श्रावण निम्मा सरला तरी पानावर त्याच चार ओळी. माझ्या मते डॉक्टरांकडे जायची वेळ ती हीच. दुखणं वाढलेलं नव्हतं. सुधारणा थांबली होती. साधी लचक काही आठवड्यांत दिसण्याइतकी सुधारत जाते. ती मध्येच अडून बसली, तर आत असं काहीतरी आहे जे नुसत्या विश्रांतीनं बरं होत नाही.

शेवटचा धक्का गौरीच्या दिवशी बसला. नैवेद्य दाखवून जमिनीवरून उठताना गुडघा अर्धवट वाकलेल्या अवस्थेत अडकला. सरळ होईना, वाकेना. दोन्ही हातांनी पाय धरून तशीच बसून राहिले. थोड्या वेळानं आत काहीतरी सरकल्याचं जाणवलं आणि पाय सुटला. रात्री बायका झिम्मा-फुगडी खेळत होत्या, मी खुर्चीवर बसून टाळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी राजारामपुरीतल्या हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

त्यांनी ती वही मागून घेऊन वाचली. तपासणी आधी चांगल्या गुडघ्याची केली, मग दुखऱ्याची, म्हणजे माझा मूळचा सांधा किती सैल आहे ते त्यांना कळावं. नडगी पुढं ओढून बघितली, पाय वाकवून टाच आत-बाहेर फिरवली, सांध्याच्या आतल्या रेषेवर बोट दाबलं. तिथं मी कळवळले. मग त्यांनी सांगितलं, की मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये दोन अर्धगोल गाद्या असतात. डोक्यावरच्या हंड्याखाली चुंबळ असते तशा त्या भार वाटून घेतात. पाय जमिनीवर रोवलेला असताना गुडघा वळला की आतल्या बाजूची गादी चिमटते आणि फाटते. फाटलेला कोपरा मध्ये आला की सांधा अडकतो. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथली फाट भरून येऊ शकते. आतल्या भागाला तो नसतो.

एमआरआय सरसकट करत नाही, असं ते म्हणाले. रिपोर्टमुळं उपचार बदलणार असेल तरच करायचा. गुडघा अडकला होता म्हणून माझा करायचं ठरलं. त्याआधी अंगावरचं सगळं धातूचं काढावं लागतं. मंगळसूत्र, बांगड्या, केसातल्या पिना निघाल्या. जोडवी निघेनात, ती साबण लावून काढावी लागली. जाणाऱ्या बायकांनी ती आदल्या रात्रीच काढून ठेवावीत. आत अर्धा-पाऊण तास पाय हलवायचा नाही. मशीनचा ठोकल्यासारखा आवाज मोठा असतो, पण दुखत काहीच नाही.

रिपोर्ट हातात आला आणि घरी वाचून आम्ही सगळेच घाबरलो. आतल्या गादीच्या मागच्या टोकाला फाट, आतल्या बाजूचा लिगामेंट ताणलेला पण भरत आलेला, मुख्य लिगामेंट शाबूत. "फाट" म्हटल्यावर ऑपरेशन असंच घरात सगळ्यांनी धरलं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी माणसांच्या एमआरआयमध्ये गादी फाटलेली दिसते आणि त्यांना कसलाही त्रास नसतो. झिजेतून फाटलेल्या गादीबद्दल फिनलंडमध्ये एक अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही रुग्णांच्या गुडघ्यात दुर्बीण घालून गादीचा फाटलेला भाग कापला आणि काहींचं ऑपरेशन केल्यासारखं फक्त दाखवलं. वर्षानंतर दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. माझी फाट दुखापतीची होती, म्हणून तो निष्कर्ष मला जसाच्या तसा लागू नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण फाट लहान होती, पाय पूर्ण सरळ होत होता आणि अडकला होता एकदाच, म्हणून आधी तीन महिने फिजिओथेरपी करायचं ठरलं. गुडघा वारंवार अडकू लागला तर दुर्बिणीतून ऑपरेशनचा विचार.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्याच दिवशी टेप घेऊन दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. डावी मांडी उजवीपेक्षा बारीक झाली होती. मला ते कळलंच नव्हतं. गुडघा दुखला की मांडीचा पुढचा स्नायू आपोआप काम सोडतो, स्नायू उतरला की सगळा भार सांध्यावर येतो, आणि सांधा आणखी दुखतो. जिना उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार पडतो, तो पेलायला हाच स्नायू लागतो. माझ्या वहीतल्या जिन्याच्या ओळीचं उत्तर त्या टेपनं दिलं.

व्यायाम दिसायला अगदी साधे. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल दाबून धरायचा, पाय सरळ ठेवून उचलायचा, नंतर बुटक्या पायरीवर चढ-उतर, एका पायावर तोल. करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमलं तर चालेल. सकाळी सूज दिसली तर व्यायाम कमी करायचा. रोज करायचं म्हणजे रोज, यात मात्र त्यांनी सूट दिली नाही.

आता दिवाळी झाली आहे. शाळेचा जिना कठडा न धरता उतरते, रंकाळ्यावर वळले तरी पाय निसटत नाही, मांडीचा घेर जवळजवळ सारखा झाला आहे. उकिडवं बसणं अजून जमत नाही. गौरीनंतर गुडघा अडकलेला नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवायचं आहे. त्याआधी तो अडकून सरळ झाला नाही तर त्याच दिवशी यायचं, एरवी व्यायाम चालू ठेवायचे आणि मांडी घालायची घाई करायची नाही, असं डॉक्टरांशी बोलून ठरलं आहे.